रंग पुसला तरी
काल रात्री वेंगुर्ल्याजवळच्या जत्रेत दशावताराचं नाटक बघितलं, पहाटे रंगपटात डोकावलो तर राजा झालेले काका खोबरेल तेलाने तोंड पुसत बसलेले, कानामागे गुलाबी रंग अजून तसाच, मला म्हणाले, "रंग पुसलो रे, पण चाल अजून राजाचीच हा." तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. इंग्रजीतलं पर्सनॅलिटी लॅटिन 'पर्सोना'वरून आलंय, म्हणजे नटाचा मुखवटा! उर्दूतलं शख्सियत अरबी 'शख्स'वरून, म्हणजे सरळ माणूसच. आणि आपलं व्यक्तिमत्त्व 'व्यक्ति'वरून, म्हणजे मुळात व्यक्त होणं, जे आत आहे ते बाहेर दिसणं. मला खरंच आपला शब्द जास्त पटतो, कारण गणपतीचा मुखवटा पेटाऱ्यात गेला, दागिने उतरले, आणि काका साध्या लुंगीत चहा आणायला निघाले ते तसेच, मान ताठ, पावलं संथ.