आधी पोराला आईकडं द्या

डिसेंबरातली रात्र, दोन वाजून गेलेले. गगनबावडा रस्त्यावरच्या एका गावातून एका मोटरसायकलवर आई-बाप आणि मधे शालीत गुंडाळलेलं दीड वर्षाचं पोरगं, मागच्या गाडीवर आजी आणि चुलता, असे सगळे आमच्या बालरुग्णालयात आले. पोरगं दिसायच्या आधी त्याचा खोकला जिन्यात घुमला, कुत्रं भुंकावं तसा. त्यापाठोपाठ श्वास आत ओढतानाचा कर्कश आवाज. क्रूप, म्हणजे लहान मुलांच्या श्वासाच्या वाटेला येणारी सूज.

संध्याकाळी नुसती सर्दी आणि किंचित ताप होता. जेवून झोपलेलं पोरगं मध्यरात्री उठलं ते धापा टाकतच. बाप गुऱ्हाळावरनं तसाच धावत आलेला, अंगाला काकवीचा वास. म्हणाला, "मॅडम, घरात लई वाईट हुतं. वाटेत गार वारं लागलं तसं जरा कमी आलं. खोटं न्हाई सांगत."

खोटं नव्हतंच. या आजारात असं वारंवार होतं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत मूल निवळलं की 'उगाच घाबरलात' म्हणून आईबापांची बोळवण होते. त्याचा मला राग येतो. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी 2023 मध्ये 118 मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. औषध सगळ्यांनाच दिलेलं, पण ज्यांना त्यासोबत अर्धा तास बाहेरच्या, 10 अंशांखालच्या हवेत बसवलं, त्यांच्यातली जास्त मुलं अर्ध्या तासात सुधारलेली दिसली. कोल्हापूरची हवा एवढी गार क्वचितच होते, तरी बापाचं सांगणं मी नीट ऐकून घेतलं.

तेवढ्यात चुलता म्हणाला, "गळ्यात बघा की मॅडम, काय तरी अडकलं असंल." नवीन सिस्टर टॉर्च आणि जीभ दाबायची पट्टी घेऊन आलीच होती. मी दोघांनाही थांबवलं. पोरगं चुलत्याच्या हातात हातपाय झाडत रडत होतं आणि प्रत्येक हुंदक्याला घरघर वाढत होती. "आधी त्याला आईकडं द्या," म्हटलं.

क्रूपमध्ये सूज येते ती स्वरयंत्राच्या लगेच खाली, लहान मुलाची वाट मुळातच सगळ्यात अरुंद असते तिथं. 4 मिलिमीटरच्या वाटेला चारी बाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली की पाऊण वाट बंद होते आणि हवेला होणारा अडथळा कैक पटींनी वाढतो. रडताना मूल जोरानं श्वास ओढतं, त्या ओढीनं तिथली मऊ नळी आणखी आत खेचली जाते. म्हणून पोराला शांत ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. सलाईनची सुई आणि एक्स-रे मी मुद्दाम बाजूला ठेवले.

ते आईच्या मांडीवर टेकलं. दोन पावलं लांब बसून मी नुसती बघत राहिले. गळ्यात काळा दोरा, त्यात वेखंडाचा तुकडा. प्रत्येक श्वासाला तो तुकडा गळ्याखालच्या खळग्यात आत जायचा, वर यायचा. बरगड्यांमधली कातडीही ओढली जात होती. म्हणजे निवळलं असलं तरी मामला साधा नव्हता. शेंगदाणा, फुटाणा खाताना ठसका लागला होता का? नाही. लाळ गळत होती का? नाही. लसीकरणाचं कार्ड आजीनं पिशवीत आणलं होतं. पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे घटसर्पासकट पाच आजारांवरच्या लसीचे, तिन्ही डोस झालेले, त्यामुळं घटसर्पाची धास्ती बरीच कमी झाली. अशा घाईत कार्ड घेऊन निघणाऱ्या आजीचं मला फार कौतुक वाटलं.

डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा एकच डोस, वजनाच्या हिशेबानं, तोंडावाटे दिला. नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणाऱ्या यंत्रातून, ॲड्रेनलिन. मास्क तोंडाला बांधला नाही, आईनंच हातात धरला. पण आईच रडत होती. तिला म्हटलं, "ताई, तू शांत बसलीस तर तो बसतोय." बापानं मोबाईलवर उसाच्या ट्रॅक्टरचा व्हिडिओ लावला. पोराचे डोळे त्यावर खिळले आणि वीसेक मिनिटांत घरघर उतरली.

"झालं की मॅडम, जाऊ काय?" सकाळी बापाला गुऱ्हाळावर जायचं होतं. मी सोडलं नाही. ॲड्रेनलिनचा असर दोनेक तासांत ओसरतो आणि सूज पुन्हा डोकं वर काढू शकते. डेक्सामेथासोन चढायला वेळ घेतं, पण टिकतं. मधल्या वेळात मूल आमच्या डोळ्यांसमोर हवं. पहाटे पुन्हा तपासलं तेव्हा वेखंडाचा तुकडा जागच्या जागी होता.

निघताना बापानं विचारलं, "अँटिबायोटिक?" क्रूप बहुतेक वेळा विषाणूचा, पॅराइन्फ्लुएन्झाचा. तिथं अँटिबायोटिकचा उपयोग नाही, खोकल्याच्या सिरपचाही नाही. आजीनं घरी पातेल्यात पाणी उकळून पोराला वाफ दिली होती आणि ओव्याची धुरीही. तिचा हात धरून सांगितलं, "आजी, धुरानं गळा आणखी चिडतो. वाफेनं यात फायदा होतोय असं दिसलेलं नाही, आणि उकळतं पाणी अंगावर सांडलेली पोरं मी बघितल्यात." ती म्हणाली, "मग रात्री परत आलं तर नुसतं बघत बसायचं व्हय?"

प्रश्न रास्त होता, कारण दुसरी-तिसरी रात्रही जड जाऊ शकते. म्हटलं, मांडीवर सरळ बसवा, अंगावर पांघरूण घालून दारात गार हवेला न्या, घोट घोट पाणी पाजा. निवांत बसलेला असतानाही घरघर ऐकू आली, छाती आत जायला लागली, ओठ निळसर दिसले, लाळ गळायला लागली किंवा पोरगं मलूल पडलं, तर एक मिनिट थांबू नका. गाडी नसली तर 108 ला फोन करा.

त्या रात्री फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी तपासायला आणलं तेव्हा आवाज बसलेलाच होता, पण घरघर गेली होती. आदल्या रात्री खोकला उठल्यावर आजी त्याला घेऊन अर्धा तास ओट्यावर बसली होती.