वडिलांची एचएमटी चालू करा, नवी करू नका

कपाटाच्या खणातून वडिलांची किंवा आजोबांची एचएमटी निघते. चावी दिली की दोन मिनिटं चालते आणि थांबते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "चावी जास्त दिली गेली असणार." पण चावी जास्त दिल्याने घड्याळ बंद पडत नाही. मेनस्प्रिंग, म्हणजे घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग, पूर्ण भरली की चावी अडते, एवढंच. घड्याळ थांबतं ते आतलं तेल इतक्या वर्षांत सुकून चिकट झाल्यामुळे. स्प्रिंगमध्ये जोर असतो, पण तो बॅलन्सपर्यंत, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकापर्यंत, पोचत नाही. अशा वेळी घड्याळ झटकून किंवा आपटून चालवू नका. चिकट झालेलं तेल धूळ धरून ठेवतं, आणि त्यात फिरणाऱ्या चाकांच्या आसांची टोकं झिजतात.

एचएमटीने 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट अशा हातचावीच्या अनेक मॉडेल्समध्ये 0231 क्रमांकाचं 17 ज्वेलचं, म्हणजे झीज रोखणारे 17 छोटे दगड असलेलं, मशीन असतं. त्याचे तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे सुट्या भागांसाठी आता जुन्या घड्याळांवरच भिस्त आहे. पण एकच मशीन इतक्या मॉडेल्समध्ये वापरल्याने फुटक्या डायलचं, गंजक्या केसचं (बाहेरच्या धातूच्या डबीचं) एखादं घड्याळ स्वस्तात घेऊन त्यातला बॅलन्स किंवा मेनस्प्रिंग वापरता येते. मशीनचे भाग असे खुशाल बदला. डायल, काटे आणि केस मात्र घरच्या घड्याळाचेच राहू द्या.

घड्याळ अचानक तासाला काही मिनिटं पुढे पळू लागलं तर ते उघडण्याआधी होकायंत्राजवळ धरून पाहा. सुई थरथरली तर घड्याळात चुंबकत्व शिरलं आहे. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि ठोके भरभर पडतात. मोबाईलचा स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, टॅबचं कव्हर एवढी कारणं पुरतात. घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र असतं, काम मिनिटभराचं.

सर्व्हिसिंगला टाकताना "ऑइलिंग करून द्या" असं म्हणू नका. वरून तेलाचा थेंब सोडणं म्हणजे जुन्या चिकटात नवं तेल कालवणं. मशीन पूर्ण सुटं करून धुवायला सांगा. त्यात आधी क्लिक (चावी उलटी फिरू न देणारा खटका) हळूच मागे धरून, चावी बोटात पकडून स्प्रिंगचा जोर उतरवायचा. मग बॅलन्स काढायचा आणि त्यानंतर पॅलेट फोर्क, म्हणजे चाकांना ठोक्यागणिक अडवून सोडणारा छोटा दुशाखी भाग. जोर न उतरवता फोर्क सोडवला तर सगळी चाकं एकदम सुसाट फिरतात आणि दाते किंवा आसांची टोकं तुटतात. धुवायला व्हाइट पेट्रोल चालतं. पॅलेट फोर्क मात्र स्पिरिटमध्ये भिजत ठेवायचा नाही. त्यातले दोन छोटे लाल दगड लाखेने चिकटवलेले असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि दगड सुटून येतात. भिंगातून ते दगड तिरके दिसले तर हेच झालेलं असतं. जोडताना वेगाने फिरणाऱ्या टोकांना मोबियस 9010 सारखं पातळ तेल, संथ चाकांना जाड तेल लावायचं. फोर्कच्या आसाला तेल अजिबात लावायचं नाही, नाहीतर त्याची हालचाल मंदावते. काम चोख झालं असेल तर एवढं जुनं मशीन दिवसाला फार तर अर्धा मिनिट मागे-पुढे चालतं, आणि मला ते पुरेसं वाटतं. बदललेले भाग पुडीत बांधून परत मागा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते डायलचं. दुकानदार आपुलकीने विचारतो, "डायल पण नवी करून देऊ?" इथे ठामपणे नाही म्हणा. डायल पिवळट झाली असेल, सहाच्या आकड्यापाशी घामाचा डाग असेल, तर तो तसाच राहू द्या. ओल्या कापसाने पुसायचा मोहही आवरा. जुन्या डायलवरचं लॅकर सुटलेलं असतं आणि अक्षरं कापसाबरोबर निघून येतात. फार तर हवेच्या फुग्याने धूळ उडवा. रंगवलेल्या डायलवर वडिलांनी रोज पाहिलेलं काहीच उरत नाही.

संग्रहासाठी विकत घेतानाही आधी डायल पाहा. जुन्या मशीनवर नव्याने छापलेली डायल आणि भलतेच काटे बसवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईचं नाव अशा कामाला जोडलं गेलं याचं वाईट वाटतं, कारण याच शहरात उत्तम हाताचे घड्याळजी होऊन गेले. दहापट भिंग डोळ्याला लावा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ आणि जाडी सारखी असते, मिनिटांच्या रेघा समान अंतरावर असतात. रंगवलेल्या डायलवर तळाचा बारीक मजकूर फिसकटलेला दिसतो. पायलटच्या काट्यांवरचं चमकणारं रसायन तपकिरी झालंय आणि आकड्यांवरचं मात्र ताजं हिरवं आहे, तर डायल नंतरची समजा. भडक नारिंगी, पोपटी डायलची जनता दिसली तर पुढे चला.

काच प्लास्टिकची असते, त्यामुळे तिचे ओरखडे मेटल पॉलिश आणि मऊ कापडाने पाच-सात मिनिटांत जातात. तडा असेल तर काच बदला, कारण तड्यातून पावसाळ्यात दमट हवा आत जाते. काचेच्या आत वाफ दिसली तर घड्याळ तांदळात पुरून ठेवू नका. त्याच दिवशी उघडून सुकवून घ्या. गंज आधी स्टेमला, म्हणजे चावीच्या दांडीला, धरतो आणि मग हेअरस्प्रिंगपर्यंत पोचतो. केसला बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं चाक, लावू देऊ नका. पितळेवर सोन्याचं किंवा क्रोमचं पाणी असेल तर बफखाली ते निघून जातं.

चावी देताना घड्याळ मनगटावरून काढा. हातात असताना चावी तिरकी ओढली जाते आणि स्टेम झिजतो. रोज एकाच वेळी, चावी हलकेच अडेपर्यंत द्या.

आणि मागचं झाकण पाहा. लग्नात जावयाला दिलेलं, निवृत्तीच्या दिवशी कचेरीतल्या सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेलं अशा घड्याळांवर नाव आणि तारीख कोरलेली असते. बाजारात असं झाकण भाव पाडतं, विक्रेते ते घासून गुळगुळीत करतात किंवा सरळ बदलतात. घरच्या घड्याळाला त्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. अक्षरं पुसट झाली असतील तर झाकणावर खडूची पूड बोटाने हलकेच चोळा, कापडाने वरची पूड टिपून घ्या आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात फोटो काढा. खाचांत अडकलेली पूड नाव वाचायला पुरते.