कालव्याकाठचा डबा

आज नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये चक्क ऊन पडलं, म्हणून लॅबमधल्या ज्येष्ठ डच शास्त्रज्ञांसोबत कालव्याकाठी डबा खाल्ला. त्यांचा डबा म्हणजे पावाच्या दोन चकत्या आणि मध्ये चीज, बस्स. माझी मेथीची भाजी त्यांनी पार पुसून खाल्ली.

या माणसाने आयुष्यात कार घेतली नाही. का, विचारलं तर थेट १९७१ वर गेले. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. मग 'मुलांची हत्या थांबवा' म्हणत आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद होत्या, तेव्हा रिकाम्या हायवेवर हे दहा वर्षांचे, सायकलवर! सांगताना डोळे नुसते चमकत होते. इथले सायकलमार्ग भांडून मिळालेत, हे मला आज नीट कळलं.

इलेक्ट्रिक कारने धूर थांबतो, पण जागा तेवढीच अडते, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

करिअरचा विषय मीच काढला. इथे पीएचडीला रीतसर पगार असतो, पण पुढे पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधक नोकरीचे, थोड्या मुदतीचे करार. माझा मार्चमध्ये संपतोय. संशोधनाचे पेपर मोजून माणूस जोखू नये, असं ते कळवळून बोलले. उट्रेख्ट विद्यापीठाने २०२१ मध्ये नेमणुकांसाठी इम्पॅक्ट फॅक्टर (पेपर छापणाऱ्या नियतकालिकाचे लेख सरासरी किती वेळा उद्धृत होतात तो आकडा) बघणं सोडायचं ठरवलं, तसं सगळीकडे व्हायला हवं.

निघताना माझ्या सायकलची चेन उतरली. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि काळ्या हातांनी बसवून दिली.