‘ईडी’ मागे लागली तेव्हा

लेक सेमी-इंग्लिशला, चौथीत. बाईंनी दहा इंग्रजी शब्द दिले होते, सिलॅबल म्हणजे उच्चाराचे तुकडे पाडून आणायला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. मी त्याआधीची, पाचवीत एबीसीडी गिरवलेली. आम्ही स्पेलिंगं घोकली, फोडली कधीच नाहीत.

सुरुवातीलाच चुकले. मी आपली मराठीसारखी अक्षरं मोजत बसले. ‘स्ट्रेंग्थ’ची दोन भरली, खरं तर सिलॅबल एकच. मग हनुवटीखाली तळहात धरायची युक्ती सापडली: हनुवटी जितक्या वेळा खाली येईल तितके सिलॅबल. मराठीवरही करून पाहिली. ‘आपण’ लिहिताना अक्षरं तीन, हनुवटी हलते दोनदाच!

‘अनहॅपीनेस’वर गाडी अडली, तेव्हा तिला ‘बेजबाबदारपणा’ फोडायला सांगितलं. बे, जबाबदार, पणा. एका दमात. मग इथेही पुढचा ‘अन’ आणि मागचा ‘नेस’ सोलला, आत उरला हॅपी. (त्याच्या वायचा आय झालाय, तेवढं स्पेलिंगात.) त्याच्या दोन ‘पी’च्या मधून कापलं की अन-हॅप-पी-नेस, चार.

उत्साहाच्या भरात तिने ‘रीडिंग’चा ‘री’ही उपसर्ग म्हणून उडवला. उरला ‘डिंग’. आतून सासूबाई म्हणाल्या, “डिंक उरलाय? लाडू करू.” तेव्हापासून आमचा नियम: सोलल्यावर आत ओळखीचा शब्द निघतो का, ते आधी बघायचं. ‘अंकल’मधला ‘अन’ त्यामुळेच वाचला.

खरा छळ ‘ईडी’चा. (बातम्यांतल्या नव्हे, शब्दाच्या शेपटीच्या.) ‘प्लेड’, ‘जंप्ड’मध्ये ती मुकाट बसते, सिलॅबल एकच. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा डचा उच्चार असेल तरच वेगळी बोलते: वॉन-टेड, नी-डेड. हे कळेपर्यंत आम्ही ‘जंप’ला दोनदा उडी मारायला लावत होतो.

‘रनिंग’ आणि ‘पासिंग’ने अर्धा तास खाल्ला. दोन्हीकडे अक्षर जोडीने दिसतं. पण ‘रन’ला दुसरा ‘एन’ प्रत्ययामुळे चिकटलाय, म्हणून जोडीच्या मधून तोडायचं. ‘पास’चे दोन्ही ‘एस’ घरचेच, ते सोबत ठेवून ‘इंग’ वेगळा.

शेवटचा शब्द ‘कम्फर्टेबल’. प्रत्यय सोडवून फोडला तर चार भरतात, कम-फर्ट-अ-बल. बोलताना लोक तीनातच उरकतात. वहीत चार लिहिलेत. लेक अजून हनुवटीला हात लावून बसलीय, “आई, तीनच होतात गं.”