घट वजा जाता

शाळेच्या स्मरणिका समितीचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता : ‘आपल्या तुकडीतील उल्लेखनीय माजी विद्यार्थी – नाव, पद, पुरस्कार’. आमची १९७३ ची जुनी अकरावी. आमच्यात दोन सर्जन आहेत, एक निवृत्त न्यायाधीश आहे, अमेरिकेत गेलेले तर मी मोजलेच नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी ना कोणी लिहीलच. मी नावाच्या जागी ‘बंब्या’ लिहिलं, पदाच्या जागी ‘तांबट’, पुरस्कारापुढे आडवी रेघ मारली आणि फॉर्म परत पाठवला. दोन दिवसांनी समितीतल्या मुलीचा फोन. “काका, पूर्ण नाव?” पूर्ण नाव शाळेच्या हजेरीपटावर आहे, ज्याला हवं त्याने काढून बघावं. इथे देत नाही. स्वतःचं नाव छापून आलेलं त्याला मुळीच खपलं नसतं. दुकानावरची पाटीसुद्धा त्याने शेवटपर्यंत आजोबांच्याच नावाची ठेवली होती.

हे टोपणनाव पडलं सातवीत. विज्ञानाच्या सरांनी विचारलं होतं, गरम पाणी वर का जातं? वर्ग गप्प. मागच्या बाकावरून हा उठला. “सर, बंबाच्या नरसाळ्यात गार पाणी ओतलं की ते सरळ तळाला जातं आणि वरच्या तोटीतून गरम पाणी बाहेर पडतं. तसंच ना?” सरांनी खडू त्याच्या हातात दिला आणि स्वतः खुर्चीत बसले. पठ्ठ्याने फळ्यावर अख्खा बंब काढला. मधली निखाऱ्याची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, बाजूला दोन कड्या. कड्या कुठे बसवायच्या यावर तर पाच मिनिटं बोलला, कारण भरलेला बंब उचलताना तोल जाता कामा नये. तास संपला तेव्हा तो बंब्या झाला होता.

शाळेतलं त्याचं यश एवढंच. इंग्रजीने त्याचा घात केला. मॅट्रिकला इंग्रजीत गेला, ऑक्टोबरला बसला, परत इंग्रजीतच गेला, मग नाद सोडला. आपल्या मैदानाच्या कडेला तेव्हा उंबर होता आणि उन्हाळा लागला की त्यावर तांबट पक्षी टुक टुक टुक करत बसायचा. प्रिलिमच्या पेपरात शांतता असताना तो सुरू झाला की कोणीतरी हळूच म्हणायचं, “बंब्या, वडील बोलावतायत.” तोही हसायचा. त्याला कधी राग आलेला मी पाहिला नाही असं मात्र म्हणणार नाही. एकदा आलेला पाहिलाय, ते पुढे सांगतो.

तांबट आळी पुण्यात सगळ्यांना ऐकून माहीत असते, आत गेलेले थोडे. कसबा पेठेतली जुनी वस्ती, पेशवाईत कोकणातून येऊन वसलेली घरं. आमच्या लहानपणी कसबा गणपतीकडून निघालं की आधी आवाज लागायचा, मग आळी. आत शिरलं की बोलणं बंद, खुणा सुरू. त्याच्याकडे पुढे कामाची जागा आणि मागे संसार, मध्ये एक गोणपाटाचा पडदा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा त्यांच्या घरातली भांडी वाहून गेली. उरली ती ऐरण आणि हातोडे, तीही चिखलातून खणून काढावी लागली. आम्ही तेव्हा पाच-सहा वर्षांचे. त्याला त्या दिवसातलं एकच आठवायचं : आजोबा चिखलात बसून हातोडे मोजत होते.

मठारकाम मी तिथे पहिल्यांदा जवळून पाहिलं. भांडं घडून झालं, सांध्याला डाग, म्हणजे झाळ, देऊन झाला, चिंचेने धुऊन लख्ख केलं की मग मठार. जमिनीत रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकावर हंडा उलटा घालायचा, आत पहार, बाहेर हातोडा, मध्ये पत्रा. उजवा हात ठोकतो ते आपल्याला दिसतं. खरं काम डाव्या हाताचं. तो हंडा केसभर केसभर फिरवत राहतो आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला जेमतेम शिवून पडतो. हातोड्याचं तोंड आरशासारखं गुळगुळीत लागतं, त्यावर ओरखडा असला तर तोच ओरखडा हंड्यावर हजार वेळा उमटणार. मी म्हणायचो, नक्षी छान दिसते. तो म्हणायचा, “नक्षी नाही रे. भाजून तांबं मऊ पडलेलं असतं, ते ठोकल्यावर ताठ होतं. मठारलेला हंडा सहजी चेपत नाही.” मीही एकदा हातोडा घेऊन पाहिला. माझ्या तीन ओळी बघून त्याचे वडील पडद्याआडून म्हणाले, “बाळ, तू आपला अभ्यास कर.”

मॅट्रिकनंतर मी कॉलेजात गेलो, तो ऐरणीवर बसला. सकाळी सातला बसायचा तो दिवेलागणीला उठायचा. संध्याकाळी आमच्या शुक्रवारातल्या वाड्यावर यायचा आणि ओट्यावर बसून एवढ्या मोठ्याने बोलायचा की आई म्हणायची, “अरे हळू, वाड्यात भांडण लागलंय असं वाटेल लोकांना.” आळीतले सगळेच मोठ्याने बोलतात. दिवसभर ठोक्यांत बसून कान जातात, ते काही म्हातारपणीच जातात असं नाही.

१९७६ ला मी बँकेत लागलो, त्याच वर्षी वडील गेले. पुढच्या वर्षी ताईचं लग्न ठरलं आणि पैसे कमी पडायला लागले. आईने माळ्यावरची तांब्याची भांडी मोडीत काढायची ठरवलं. हंडा, घंगाळ, दोन कळशा, एक परात. स्टील घरोघर आलेलं, जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यांनी स्वयंपाकघर भरलेलं, तांब्याला चिंच लावून घासणार कोण? बंब्या तराजू घेऊन आला. सगळं मिळून बावीस किलो भरलं. मग त्याने शांतपणे सांगितलं, “काकू, घट कापावी लागेल. कल्हई आहे, डाग आहे, किलोला पन्नास ग्रॅम.”

आईला ते फार लागलं. घरच्यासारखा पोरगा, रोज हातची भाकरी खाल्लेला, आणि एक किलो शंभर ग्रॅम घट कापतो! मलाही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, “आमच्यात सगळ्यांची कापतात. तुमची नाही कापली तर उद्या आळीतल्या विधवा बाईची कापताना माझा हात अडेल.” घट वजा जाता पैसे त्याने आईच्या हातावर मोजून ठेवले. बंबही मोडीत द्यायचा होता, त्याला मात्र त्याने हात लावू दिला नाही. “बंब विकून आंघोळीला काय करणार? ताईला दिवाळसणाला माहेरी आणायचं आहे ना?”

आई आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तो कल्हईचं सामान घेऊन हजर. कल्हई हे खरं तर कल्हईवाल्याचं काम, तांबटाचं नव्हे, पण याला येत होती. अंगणात छोटी भट्टी लावली, उरलेली पितळी पातेली एकेक तापवली. नवसागर टाकला की भस्सकन पांढरा धूर, नाकात झोंबणारा. मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने गर्रकन फिरवायचं, पिवळ्यावर चांदी पसरत जाते. वाड्यातली सगळी पोरं गोळा झाली. आईने एका पातेल्यात ताक ओतलं, तासाभराने चाखलं, कळकलं नव्हतं. तेच ताक तिने त्याला प्यायला दिलं. समेट झाला.

१९८१ ला माझी बदली परभणीला झाली, तीन वर्षं. आई वाड्यात एकटी. दर रविवारी जाऊन तो तिच्या बंबासाठी ढलप्या फोडून ठेवायचा. आईच्या पत्रात ठरलेली ओळ असे, ‘तुझा मित्र येऊन गेला. ओरडून बोलतो.’ एका पावसाळ्यात तिला रात्री रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तीन दिवस बाकावर बसून काढले आणि मला कळवलं चौथ्या दिवशी, ती जेवायला लागल्यावर. मी धावत आलो आणि त्याच्यावरच भडकलो. तार का नाही केलीस? तेव्हा तो चिडला. “तार केली असती तर रात्रभर एसटीत रडत आला असतास. इथे रडणारा माणूस नको होता, बाकावर बसणारा हवा होता.” आणि तडक निघून गेला. पुढचा रविवार मात्र चुकवला नाही.

१९८८ ला कोथरूडला फ्लॅट घेताना कर्जाला जामीनदार हवा होता. सख्खे नातेवाईक विचार करून सांगतो म्हणाले. हा दुसऱ्या दिवशी दुपारी काम टाकून आला. सहीसाठी हात पुढे केला तेव्हा टेबलामागच्या कारकुनाची नजर त्याच्या बोटांवर गेली. चिंच आणि काजळी यांनी भेगाभेगांत बसलेला काळा रंग, तो काही जात नाही. कोणी काही बोललं नव्हतं, तरी हा म्हणाला, “हात धुऊन आलोय.” कागदावर डाग पडू नये म्हणून मनगट वर धरून त्याने तीन ठिकाणी सह्या केल्या.

आता माझ्या खात्यावरची गोष्ट. नव्वदच्या आसपास त्याच्या मनात पत्रा दाबून घडवायचं यंत्र घ्यायचं आलं. सल्ल्याला माझ्याकडे आला, कारण मी बँकेतला. मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले. गॅसचे गीझर आलेत, बंब कोण घेणार? प्लास्टिकच्या बादल्या आल्यात, घंगाळ कोण घेणार? कर्ज अंगावर येईल, नको. त्याने कागदाची घडी करून खिशात ठेवली. “तुला कळतं त्यातलं,” म्हणाला. पुढे दहा-पंधरा वर्षांत वारं फिरलं. हॉटेलांना मठारलेले दिवे हवेसे झाले, तांब्यातलं पाणी पिण्याची टूम निघाली, दिवाणखान्यात ठेवायला छोटे छोटे बंब खपायला लागले. ज्यांनी यंत्र घेतलं होतं त्यांना मोठी कामं मिळाली. यंत्राने घडवलेल्या त्यांच्या भांड्यांवर मठार मारायला हा नगावर जाऊ लागला. शोभेच्या बंबाबद्दल त्याचं मत एकदाच ऐकलं : “आत नळीच नाही रे. नुसता पोकळ. त्याला बंब कसं म्हणायचं?”

साठीला त्याचे कान पार गेले. मठार मारताना डावा तळवा भांड्यावर असायचाच, आता तो तळव्यानेच ऐकायचा. ठोका पोकळ पडला की हातोडा थांबे. आपल्या माजी विद्यार्थी मेळाव्याला मी त्याला ओढून आणलं होतं, काहींना आठवत असेल, शेवटच्या रांगेत पांढऱ्या टोपीत बसलेला. भाषणं ऐकू येत नव्हती, म्हणून टाळ्या इतरांकडे बघून एक क्षण उशिराने वाजवत होता. सातवीचे ते सर व्यासपीठावर होते, नव्वदीतले. त्यांनी याला पाहिलं आणि हवेत दोन्ही हातांनी कड्यांची खूण केली.

तो जाऊन दोन वर्षं झाली. त्याआधीच्या हिवाळ्यात तो घरी आला होता. आईचा बंब आमच्या बाल्कनीत असतो, बायकोने त्यात मनीप्लँट लावलेला. त्याने काही न विचारता झाड उपटून बाजूच्या कुंडीत ठेवलं, बंबात पाणी भरलं, तळाशी थेंब धरलेले दाखवले आणि बंब रिक्षात घालून घेऊन गेला. आठवड्याने परत आणला. तळाला नवा डाग, सगळ्या अंगाला पुन्हा मठार, तोटीत नवा वायसर.

त्या दिवशी मी मनाचा हिय्या केला. म्हटलं, “त्या यंत्राचं मी तुला चुकीचं सांगितलं.” त्याने कानामागे हात धरला. “काय?” मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. वरच्या मजल्यावरच्या बाई डोकावून गेल्या. “काय?” त्याने परत तेच विचारलं, माझ्या तोंडाकडे बघत. खरंच ऐकू आलं नव्हतं की काय, देव जाणे. तिसऱ्यांदा सांगायचा धीर मला झाला नाही.

मी बोटांनी खूण करून विचारलं, किती झाले? “तीनशे,” तो ओरडला. “डागाचे आणि वायसरचे. मठार माझी.” मी पाचशेची नोट दिली. त्याने बंडीच्या आतल्या खिशातून शंभराच्या दोन नोटा काढल्या, अंगठा ओला करून मोजल्या आणि मला परत दिल्या.