व्ही-क्रॉसची नोंद: स्वस्तातले शॉकअप आणि मागचा एक जादा पाटा

क्लचनंतरचं या गाडीवरचं सगळ्यात मोठं काम दिवाळीनंतर पार पडलं. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते: २०१७ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, अडीच लिटर डिझेल, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. चारही शॉकअप नवे बसले. बुश (जोडातले रबरी तुकडे), यू-बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळणारे बोल्ट), मजुरी आणि अलाइनमेंट धरून ३०,००० रुपयांची मर्यादा ठरवली होती, काम त्यात बसलं. एवढ्या पैशांत परदेशी सस्पेन्शन किटचा (शॉकअप आणि स्प्रिंगच्या संचाचा) पुढचा जोडही आला नसता. पण मी पैसे नाहीत म्हणून साधे शॉकअप घेतलेले नाहीत. या गाडीला तेच योग्य होते, आणि ते कसं ठरवलं ते सविस्तर लिहिते, कारण पिकअपवाल्यांना दुकानात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

लक्षणं आधी. ब्रेक दाबला की गाडीचं नाक खाली जायचं. मागं काही भरलेलं नसेल तर खडबडीत वळणावर मागचा भाग टपटप उड्या मारत बाहेर सरकायचा. पुढच्या टायरच्या ट्रेडवरून (रस्त्याला टेकणाऱ्या भागावरून) तळहात फिरवला तर रबर एकसारखं लागत नव्हतं, ठरावीक अंतरानं खोलगट झालं होतं. चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी बारीक उड्या घेतं तेव्हा टायर असा झिजतो. आमची संत्र्याची बाग काटोलच्या पलीकडे आहे. डांबरी रस्ता सोडला की पांधण, म्हणजे शेतात जाणारी कच्ची वाट लागते. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या तशाच वाळून दगडासारख्या होतात. शॉकअपची खरी परीक्षा त्या पट्ट्यात होते.

बंपर दाबून सोडायचा आणि गाडी किती वेळा हलते ते मोजायचं, ही पद्धत छोट्या कारला ठीक आहे. पिकअपच्या मागच्या पाट्यांना, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगला, ती लागू पडत नाही. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणानंच हालचाल दबते, त्यामुळे पूर्ण मेलेला शॉकअपही या परीक्षेत पास होतो. मी उष्णतेची परीक्षा करते. खराब रस्त्यावरून थोडा वेळ गाडी चालवायची, थांबल्याबरोबर चारही शॉकअपच्या नळ्यांना बोटांची पाठ हलकेच लावून पाहायची. शॉकअपच्या आत दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून ढकललं जातं आणि चाकाच्या हालचालीची उष्णता होते. जो तापला नाही, त्यानं काम केलेलं नाही. (नागपुरात मे महिन्यात हे पहाटे करा. दुपारी ४५ अंशांत उभ्या गाडीचं लोखंडही चटका देतं, काही कळत नाही.) माझ्या गाडीत मागचा उजवा सरळ गार निघाला. पुढचा डावा कोमट होता आणि त्याच्या सीलखाली तेलाचा ओघळ होता. नळीवर तेलाची नुसती पुसट ओल असेल तर ती चालते, रॉडबरोबर थोडं तेल वर येतंच. धूळ चिकटून काळा ओला पट्टा खालपर्यंत गेला असेल तर सील गेलं.

एका बाजूचा एकच बदलून भागत नाही. एका ॲक्सलवर एक नवा आणि एक थकलेला असला की ब्रेक मारताना आणि वळताना दोन्ही बाजू वेगळ्या वागतात. मला चारही बदलायचे होते, म्हणून यादी आणि बजेट घेऊन नागपूरजवळच्या वाडीच्या मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांनी यादी वाचलीच नाही, गाडीखाली गेले.

"ताई, शॉकअपचं नंतर पाहू न जी. पहिले मागचे पाटे मोजा. दोन्हीकडे एक-एक पाटा वरचा टाकेल आहे."

आधीच्या मालकानं माल भरण्यासाठी मागच्या जुडग्यात जादा पाटा टाकला होता. रंग आणि गंज सारखाच झाल्यामुळे वरून पाहताना तो वेगळा दिसत नव्हता, पण मधला बोल्ट मूळचा नव्हता. या एका शोधानं पुढचा सगळा विचार बदलला.

गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही. दबलेली स्प्रिंग उसळून परत येते तेव्हा तिला आवरणं हे शॉकअपचं मुख्य काम, म्हणून बहुतेक गाड्यांत शॉकअप दबताना मऊ आणि उघडताना कडक असतो. स्प्रिंग जितकी कडक, तितकी तिची उसळी जोरात, आणि तितका व्हॉल्व्ह कडक लागतो. आता माझ्याकडे दोन रस्ते होते. जादा पाटा ठेवायचा आणि त्याला पुरेल असा कडक, महाग शॉकअप घ्यायचा. नाहीतर पाटा काढून मूळ मापाचा, मूळ व्हॉल्व्हचा शॉकअप घ्यायचा. आमच्या तोडीचा माल व्यापाऱ्याच्या गाडीतून जातो. माझ्या गाडीत फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, खताची चार-दोन पोती एवढंच असतं, आणि बहुतेक दिवस तेही नसतं. ज्या वजनासाठी तो पाटा टाकला होता ते वजन या गाडीत आता येतच नाही. पाटा काढला.

हाच हिशेब ऑस्ट्रेलियन किटला लावून पाहा. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग ही तिकडच्या ब्रँडची नावं मला मनापासून आवडतात, त्यांचं काम उत्तम आहे. पण त्यांचे शॉकअप त्यांच्याच उंच आणि कडक स्प्रिंगबरोबर, लोखंडी बंपर, अडकलेली गाडी ओढायची विंच, छतावरचा तंबू असं कायमचं वजन धरून जुळवलेले असतात. मूळ स्प्रिंगवर आणि रिकाम्या गाडीवर नुसते शॉकअप तेवढे बसवले तर पांधणीवर चाक पटकन खाली येत नाही, गाडी दणके देत चालते. ज्यांच्या गाडीवर ते वजन खरंच आहे त्यांनी पूर्ण किट घ्यावं. शिवाय गाडीची उंची वाढवणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये (गाडीतल्या फेरबदलांबद्दलच्या) अडकू शकतं, तेही आधीच डोक्यात असू द्या.

मग प्रश्न उरला तो आतल्या रचनेचा. बिलस्टाईनसारख्या मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते, तिच्यात तेल आणि जास्त दाबाचा नायट्रोजन यांच्यामध्ये एक तरंगता दट्ट्या असतो. तेलाला फेस येत नाही आणि उष्णता थेट बाहेरच्या हवेत जाते. ट्विनट्यूबमध्ये नळीत नळी असते आणि वर कमी दाबाचा नायट्रोजन. ती लवकर तापते, पण स्वस्त पडते. फोम सेल हा त्यातलाच प्रकार, गॅसच्या जागी बंद पेशींचा फोम भरलेला. कागदावर मोनोट्यूब जिंकते. पण मागचे शॉकअप ॲक्सलला लागून उघडे असतात, आणि चाकांनी उडवलेली गिट्टी सरळ त्यांच्यावर बसते. मोनोट्यूबच्या नळीला पोचा पडला तर आतला दट्ट्या तिथेच अडतो, कारण तो त्याच नळीला घासून चालतो. ट्विनट्यूबची बाहेरची नळी चेपली तरी आतली शाबूत राहू शकते. मी ताशी १००ने वाळवंट पार करत नाही, पांधणीवर २०-२५ने जाते. त्यामुळे पुढं-मागं दोन्हीकडे कमी दाबाची गॅस ट्विनट्यूबच घेतली, जपानी कायाबाची एक्सेल-जी.

खरेदी नागपूरच्या घाट रोडवरून. इथे एक गोष्ट फार जपून करा. डी-मॅक्स हे नाव थायलंडमध्ये २००२पासून आहे. २०११ला तिथे दुसरी पिढी आली, २०१९ला तिसरी. भारतात २०१६ला आलेली व्ही-क्रॉस दुसऱ्या पिढीची, आणि २०२१ची बीएस-६ गाडीसुद्धा त्याच पिढीची आहे. ऑनलाइन यादीत "२०२१ डी-मॅक्स" असं शोधलं तर परदेशातल्या तिसऱ्या पिढीचे भाग समोर येतात. वर्ष सांगून मागवू नका. चॅसिस नंबरवरून मूळ भागाचा क्रमांक काढा आणि तो ब्रँडच्या कॅटलॉगशी जुळवा. फोर बाय फोरचा आणि डी-मॅक्सच्याच मालवाहू एस-कॅबचा भाग एकच असेल असंही धरून चालू नका. दुकानदारानं आणखी एक पर्याय दाखवला, रिपेअर केलेले शॉकअप, निम्म्याहून कमी किमतीत. रॉड पॉलिश केलेला, सील नवं, रंग चकचकीत. आत कोणतं तेल आहे, गॅस आहे की नाही, व्हॉल्व्ह कोणत्या गाडीचा, हे कुणीच सांगू शकत नाही. तो पर्याय मी बाजूला ठेवला. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या स्टॉकच्या नावाखाली जुनाच दर लावला नाही ना, हे दुकानातच पाहून घ्या.

पेटी उघडल्यावर रॉडवर ओरखडा नाही, रंगाचा थेंब नाही, हे उजेडात धरून बघितलं. गॅसचा शॉकअप पट्टीनं दाबून बांधलेला येतो. पट्टी कापली की रॉड आपोआप, सावकाश, एकाच गतीनं वर आला पाहिजे. मध्येच अडखळला तर तो नग परत. बसवण्याआधी प्रत्येक शॉकअप उभा धरून पूर्ण उघडला, उलटा करून दाबला, परत सुलटा करून उघडला. मधली मोकळी चाल जाऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा विरोध लागेस्तोवर हे केलं. आडव्या पडलेल्या ट्विनट्यूबमध्ये आतल्या नळीत गॅस शिरलेला असतो, तो असा बाहेर काढावा लागतो. यानंतर शॉकअप बसेपर्यंत उभाच ठेवायचा.

पाटे पाटेवाल्याकडे उघडले. जादा पाटा निघाला, मधला बोल्ट नवा, यू-बोल्टही नवे. यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळला की ताणला जातो, तो परत वापरला तर हळूहळू सैल होतो. त्या खर्चात कसर करू नये.

पुढच्या शॉकअपभोवती कॉइल स्प्रिंग आहे. ते काम घरी करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगते. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. काकांकडे भिंतीला पक्कं बसवलेलं स्प्रिंग दाबायचं यंत्र आहे, म्हणून मी निश्चिंत होते. वरचा नट आवळताना रॉड फिरतो, तेव्हा काही जण रॉडच पकडीत धरतात. पकडीच्या दातांचा एक ओरखडा नवं सील कापायला पुरेसा असतो. रॉडच्या टोकाला पान्यासाठी चपटी जागा असते, तिथेच धरायचा. शॉकअपच्या खालच्या डोळ्याचे (बोल्टसाठीच्या गोल कडीचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते हातानं लावले आणि चाकं जमिनीवर टेकल्यावर टॉर्क पान्यानं (ठरलेला जोर मोजून आवळणाऱ्या पान्यानं) आवळले. लटकत्या चाकावर आवळलं तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो.

जुने गॅस शॉकअप भंगारात देताना ते कापू किंवा तापवू नयेत, आत दाब असतो. ही सूचना भंगारवाल्यालाही दिली.

आता गाडी कशी आहे? जादा पाटा गेल्यामुळे मागची उंची मूळ जागी आली. उंची बदलली म्हणून चारही चाकांचं अलाइनमेंट तपासून घेतलं, पुढचा टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) थोडा जुळवावा लागला. समृद्धी महामार्गावर १००च्या वेगात लेन बदलताना पूर्वी गाडी एकदा झुलून मग सरळ व्हायची, आता लगेच स्थिर होते. ब्रेकला नाक खाली जातं, पण एकदाच जाऊन तिथेच थांबतं. पांधणीवरचा फरक सगळ्यात मोठा. वाळलेल्या चाकोरीतून चाक बाहेर काढताना स्टिअरिंगला बसणारा झटका निम्म्यावर आलाय. देवलापारकडच्या खडीच्या रस्त्यावर मागचा भाग आता बाजूला सरकत नाही.

शहरातल्या सिमेंट रस्त्यांच्या जोडांवर मागून अजून टक-टक येते. त्याचा दोष मी शॉकअपला देत नाही, माल वाहण्यासाठी केलेले पाटे रिकाम्या गाडीत तेवढे कडक लागणारच. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा हवेचा दाब वेगवेगळा दिलेला असतो. मागच्या टायरमध्ये कायम भरलेल्या गाडीची हवा होती, ती रिकाम्याच्या आकड्यावर आणली आणि बराच फरक पडला.

उष्णतेची परीक्षा पुन्हा केली. मागचे दोन्ही सारखे गरम, पुढचे दोन्ही सारखे, पण मागच्यांपेक्षा थोडे कमी. डावी-उजवी जोडी जुळली, मला तेच पाहायचं होतं. पुढच्या टायरवरची जुनी झीज भरून येणार नाही, ती वाढते का एवढंच आता खडूची खूण करून बघतेय.

बाकी राहिलेलं: यू-बोल्ट थोडे किलोमीटर चालल्यावर पुन्हा टॉर्कला तपासायचे आहेत. मागचा डावा बंप स्टॉप (जास्त दबल्यावर धक्का झेलणारा रबरी ठोकळा) तडकलाय, तो मागवलाय. शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बुश याच वेळी बदलायचे होते, पण पॉलियुरेथेन घ्यावं की मूळ रबर हे ठरत नाही. पॉलियुरेथेन टिकतं, मात्र वंगण नसेल तर करकरतं आणि धक्का चेसिसपर्यंत जास्त पोहोचवतं. काळ्या मातीच्या चिखलात ज्यांनी ते दोन-तीन पावसाळे चालवलंय त्यांनी अनुभव लिहावा, त्यावरून पुढची ऑर्डर देईन.