सहलीतले दुपारचे चार तास

ज्येष्ठांची उन्हाळी सहल कुठे न्यावी, असं हल्ली मला बरेच जण विचारतात. साताऱ्यातल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मी चिटणीस, शिवाय जन्मभर शाळेत सहली नेलेल्या, त्यामुळे विचारत असावेत. माझं उत्तर ऐकून त्यांचा जरा हिरमोड होतो. मी म्हणते, ठिकाण नंतर बघू. दुपारी बारा ते चार माणसं कुठे आडवी होणार आणि तिथे कमोड आहे का, ते आधी सांगा.

ठिकाणांना आमच्याकडे काय तोटा? सज्जनगड सुचवला गेला, पायऱ्यांमुळे बाद झाला. लिंबची बारा मोटेची विहीर सुचवली गेली. अप्रतिम जागा, शाहू महाराजांच्या काळातली, आत चक्क महाल आहे. पण विहिरीत उतरायला गुडघे पाहिजेत. वरून डोकावून समाधान मानणारे असतील तर जरूर जा, साताऱ्याहून फार लांब नाही. शेवटी ठरलं ते असं: सकाळी वाईचा ढोल्या गणपती, मग पसरणी घाट चढून भिलार, दुपारी वरच कुठेतरी विश्रांती, आणि उतरताना संध्याकाळी मेणवलीचा घाट. एप्रिलात साताऱ्यात दुपारी पारा ३८ च्या पुढे जातो, वर पाचगणीच्या पठारावर निदान वारा तरी असतो.

हे सगळं एका बैठकीत ठरलं. चहासुद्धा गार झाला नव्हता. पुढचे दोन महिने गेले ते त्या 'वरच कुठेतरी' या शब्दांपायी.

हॉटेलं विचारली. हंगामात चार तासांसाठी कुणी खोली देत नाही, दिली तर दिवसाचा पूर्ण दर. पेन्शनवर जगणाऱ्या अठरा माणसांची वर्गणी त्यात बसेना. तेव्हा कुणीतरी म्हणालं, घाटाच्या वर एका सरकारी खात्याचं विश्रामगृह आहे, जुनं, उंच छताचं, पुढे व्हरांडा, आणि बहुतेक वेळ रिकामंच असतं. खात्याचं नाव मी लिहीत नाही. उद्या परत अर्ज करायचाय.

विश्रामगृह बघायला आम्ही दोघी-तिघी जाऊन आलो. बघता क्षणी आवडलं. दोन प्रशस्त खोल्या, एकीला जोडून कमोडचं न्हाणीघर, दुसरीकडे भारतीय पद्धतीचं, जेवायला मोठी खोली, अंगणात झाडाची गर्द सावली. खानसामा म्हणाला, "या की बाई, कोण येतंय इथं. फक्त हापिसातनं चिठ्ठी आणा."

ती चिठ्ठी!

खिडकीवरचा मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या मुलांच्या वयाचा असेल. म्हणाला, "आजी, ऑनलाइन बघा ना."

"बघितलं बाळा. तिथे लिहिलंय, कार्यालयाशी संपर्क साधा. तोच साधतेय."

तो हसला, माणूस वाईट नव्हता. पण अर्ज संघाच्या लेटरहेडवर हवा होता. लेटरहेड नेलं तर नोंदणी प्रमाणपत्राची प्रत हवी होती. ती नेली तर सगळ्यांची आधार कार्डं हवी होती. ती गोळा करून, प्रत्येकावर सही घेऊन नेली, तेव्हा 'मार्चएंड आहे, एक तारखेनंतर या' असं ऐकायला मिळालं. मार्च अखेरीला सरकारी कार्यालयात बिलांशिवाय काही हलत नाही, हे मलाही ठाऊक आहे. शाळेत असताना आमचीही बिलं अशीच अडकायची. पण मग ती आधार कार्डं फेब्रुवारीतच का नाही मागितली?

इथेच सांगून टाकते, नाहीतर राहील: आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय कुठल्याही खिडकीवरून हलू नका. आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. त्या क्रमांकाशिवाय तुमचा अर्ज अस्तित्वातच नसतो. माझा होता, म्हणून पुढच्या खेपेला 'कुठला अर्ज?' याला उत्तर देता आलं.

एक तारीख उलटली. साहेब प्रशिक्षणाला गेले होते. त्यांचा अतिरिक्त कार्यभार शेजारच्या तालुक्यातल्या साहेबांकडे, आणि ते येणार आठवड्यातून एकदा, तेही नक्की कोणत्या वारी हे कुणी सांगेना. मी बाकावर बसून राहायची. पंखा होता, पण तो टेबलांच्या डोक्यावर. बाकावर येणाऱ्यांना फक्त त्याचा आवाज. तिथे बसून मी संघाचं सगळं इतिवृत्त लिहून काढलं, हा एक फायदा झाला.

मग एक दिवस त्रुटीचं पत्र आलं, आणि ते गेलं संघाच्या जुन्या अध्यक्षांच्या पत्त्यावर, कारण नोंदणीवर तोच होता. पत्रात दोन हरकती. एक, आरक्षण दिवसाचं होतं, काही तासांचं होत नाही. ठीक, दिवसाचे पैसे भरू. दुसरी, कक्ष दोन आणि व्यक्ती अठरा, 'सबब विनंती मान्य करता येत नाही'. मी पुन्हा गेले. समजावून सांगितलं की अठरा माणसं दोन खोल्यांत कोंबायची नाहीत. ज्यांची कंबर धरते ते पाच-सहा जण आत पडतील, बाकीचे व्हरांड्यात सतरंजीवर. रात्रीचा मुक्काम नाही. उत्तर तेच, "मॅडम, नियमात बसत नाही." कोणता नियम ते दाखवा म्हटलं, तर तो नियम साहेबांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली प्रशिक्षणाला.

आमचे एक सभासद निवृत्त हेडक्लार्क आहेत. खातं दुसरं, पण जात तीच. संघात फारसं बोलत नाहीत, वर्तमानपत्र वाचतात आणि घरी जातात. मी त्यांच्यासमोर ते पत्र आपटलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, अठरा माणसांसाठी खोल्या मागितल्यात तर ते देऊच शकत नाहीत. उद्या ऑडिटला कोण उत्तर देणार? दोन खोल्या चौघांसाठी मागा. आणि भोजनकक्ष व व्हरांडा 'उर्वरित सदस्यांच्या भोजनाकरिता' मागा, वेगळ्या परिच्छेदात."

त्यांनीच अर्ज लिहिला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत. मजकूर तोच, माणसं तीच, तारीख तीच. गेला आणि मंजूर झाला, तोही त्याच तात्पुरत्या साहेबांकडून. त्या दिवशी कार्यालयातून बाहेर पडताना मला आनंद झाला की राग आला, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. हे एक वाक्य तिथे बसलेल्या कुणालाही पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं. त्यांना ते माहीत होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

अनामत रक्कम मात्र डिमांड ड्राफ्टनंच हवी होती. कोपऱ्यावरचा भाजीवाला दहा रुपयांची कोथिंबीर मोबाइलवर देतो, आणि इथे डीडी. बँकेतला अर्धा दिवस त्यात गेला.

मंजुरीच्या पत्राच्या तळाला बारीक अक्षरात एक अट असते: शासकीय दौरा आल्यास आरक्षण ऐनवेळी रद्द होईल. ही अट वाचा आणि दुसरी सोय हाताशी ठेवा. मी भिलारमध्ये राहायच्या खोल्या देणाऱ्या एका घरी आधीच बोलून ठेवलं होतं. तरीसुद्धा आदल्या रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा.

गाडीचं. चार-पाच जणच असाल तर सरळ एसटीनं जा, यासारखं स्वस्त काही नाही. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ ला निम्मं तिकीट, आणि बायकांना तर १७ मार्च २०२३ पासून वयाची अटच नाही, सगळ्यांनाच निम्मं. वयाचा पुरावा जवळ हवा. पण अठरा जण, त्यात हंगामाची गर्दी आणि वाटेत कुणालाही कधीही थांबावं लागणार, म्हणून आम्ही ट्रॅव्हलर गाडी केली. तिची पहिली पायरी फार उंच असते. बाथरूममधलं प्लॅस्टिकचं स्टूल बरोबर घ्या. दिवसभरात सगळ्यांनी मला त्या स्टुलाबद्दल जितके आशीर्वाद दिले, तितके परवानगीबद्दल दिले नाहीत.

सहाला निघालो. ढोल्या गणपतीला लवकर पोचायचं कारण श्रद्धा नव्हे, फरशी. अनवाणी चालायचं असतं, आणि नऊनंतर घाटाचा दगड तापायला लागतो. मी सगळ्यांना जाड मोजे आणायला सांगितले होते, निम्म्यांनी आणले. देऊळ १७६२ चं, रास्त्यांनी बांधलेलं. मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेला पूर आला की पाणी दोन बाजूंना फुटून जावं म्हणून. आमच्यातले एक निवृत्त ओव्हरसियर त्या भिंतीला वळसा घालून परत परत बघत होते. शेवटी त्यांना हाताला धरून गाडीत आणावं लागलं.

पसरणी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि हातात आलेपाक द्या. इन्सुलिन घेणारे कुणी असतील तर ते गाडीत उन्हात पडू देऊ नका, गार पिशवीत ठेवा, मात्र थेट बर्फाला चिकटवून नको. आणि ज्यांना रक्तदाबासाठी लघवीच्या गोळ्या आहेत, त्यांनी प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घ्यायची हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यावं. लाजू नये. निघायच्या आठवड्यात मी हे बैठकीत मोठ्यानं सांगितलं, तेव्हा पुरुषमंडळी खाली बघत होती.

भिलारबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसांसाठी इतकी सोयीची जागा मला दुसरी दिसलेली नाही. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं. पाचगणीहून महाबळेश्वरला जाताना आत वळायचं. लोकांच्या राहत्या घरांत पुस्तकांची कपाटं, कुठे कविता, कुठे चरित्रं, कुठे कथा-कादंबऱ्या, आणि बसायला खुर्च्या. कुणी हटकत नाही, पैसे मागत नाही. पुस्तक घरी न्यायचं नाही, तिथेच वाचायचं. इथे 'बघण्यासारखं' काही नाही, म्हणून चालावं लागत नाही! आमच्या ८२ वर्षांच्या सगळ्यात ज्येष्ठ काकू एका घराच्या पडवीत जुनं आत्मचरित्र घेऊन बसल्या, त्या निघायची वेळ झाली तरी उठेनात. "तुम्ही जा, येताना मला घ्या," म्हणाल्या. शेवटी त्यांनी पान क्रमांक लिहून घेतला. घरातल्या सुनेनं सगळ्यांना पाणी दिलं. आम्ही पुढच्या वेळी येताना कंदी पेढे आणायचे ठरवले.

मेच्या मध्यावर गेलात तर स्ट्रॉबेरी संपत आलेली असते, जांभळं-करवंदं मिळतात. बिया दाताखाली येतात, दातांची कवळी असणाऱ्यांनी सांभाळून.

मग विश्रामगृह. साडेबारापर्यंत बचत गटाच्या बायकांनी जेवण आणून दिलं, पिठलं, ज्वारीची मऊ भाकरी, भात, ताक. तिखट कमी सांगितलं होतं, तरी होतंच. मग खोल्यांत चौघं नियमाप्रमाणे आणि दोघं नियमाबाहेर झोपली. व्हरांड्यात सतरंज्या पसरल्या. वारा सुटला होता. पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगायच्या आधीच दोघं घोरायला लागली. मी जागी होते. कमोडच्या न्हाणीघरासमोर खुर्ची टाकून बसले, रांग लावायला आणि आत जाताना कडी न लावता नुसतं दार लोटायला सांगायला. हे काम कुणाला तरी नेमून द्या. पडझड होते ती तिथेच.

चार वाजता चहा घेऊन निघालो. मेणवलीला ऊन कललं होतं. नाना फडणवीसांच्या वाड्याच्या मागचा तो घाट, धोमच्या धरणातून सोडलेलं पाणी असलं तर खरा शोभतो. आम्हाला होतं. वसईहून आणलेली पोर्तुगिजांची घंटा बघितली. ज्यांना पायऱ्या नको होत्या ते वर कट्ट्यावर बसले, ज्यांना जमल्या ते पाण्यात पाय सोडून. आठच्या आत घरी.

अनामत अजून परत आलेली नाही. त्यासाठी विश्रामगृह सुस्थितीत परत दिल्याचा दाखला लागतो. कार्यालय म्हणतं तो खानसामा देईल, खानसामा म्हणतो तो कार्यालयातून येतो. सोमवारी हेडक्लार्क काका जाणार आहेत. पुढच्या वर्षीचा अर्ज मी त्यांच्याकडून आत्ताच लिहून घेतलाय, दोन वेगळ्या परिच्छेदांचा, आणि तो जानेवारीतच टाकणार आहे.